मालिकेतलं सुतक

नाना गेल्याची बातमी घरी पोचली तेव्हा नाना बाहेरच्या खोलीत बसून पेपरातलं सुडोकू सोडवत होते. बातमी केटरर अक्षयच्या फोनवरून आली आणि तो फोन धाकट्या मुलाने, केयूरने घेतला.

"केयूरदादा, फार वाईट झालं," अक्षय म्हणाला. "उद्याची जिलबी मी थांबवलीय. पीठ आंबवायला घातलं होतं, पण ते माझं मी बघतो. तुम्ही आता तेराव्याचं काय ते सावकाश सांगा."

"कोणाचं तेरावं?"

अक्षय हळूच म्हणाला, "म्हणजे, नानांचं."

केयूरने बाहेरच्या खोलीत डोकावून बघितलं. नानांनी पेन्सिल कानामागे अडकवली होती. "सात कुठे जातो बघ रे जरा," ते म्हणाले.

"नाना माझ्यासमोर बसलेत," केयूरने फोनमध्ये सांगितलं. "तुला कोणी सांगितलं हे?"

"बाजारात सगळेच म्हणतायत." अक्षयचा आवाज एकदम कामाचा झाला. "मग पीठ पुन्हा भिजवू ना?"

"लगेच," केयूर म्हणाला. फोन ठेवला, न्हाणीघरात गेला, नळ सोडला आणि पाच मिनिटं तिथेच उभा राहिला. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा ओला होता. बायकोने, अबोलीने, तो बघितला आणि टॉवेल पुढे केला.

उद्या नानांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. हजार पौर्णिमा पाहून झालेल्या माणसाचा हा सोहळा. बाकीची घरं एक्क्याऐंशीच्या आसपास कधीतरी मुहूर्त बघून तो उरकतात. नानांनी बत्तीस वर्षं कर्जतच्या मुलांना गणित शिकवलेलं. दोन पौर्णिमांमधले दिवस मांडून त्यांनी ऐंशी वर्षं दहा महिने हा आकडा काढला आणि गुरुजींच्या हातात ठेवला. गुरुजींनी वाद घातला नाही, कारण तेही नानांचेच विद्यार्थी. दहिवलीच्या त्या लहानशा बंगल्यात चार दिवस फराळाचे डबे भरले जात होते आणि थोरल्या यज्ञेशची वाट बघितली जात होती. यज्ञेश मुंबईला मालिकांमध्ये काम करायचा. मुलांनी आईवडिलांवर अभिषेकाचं पाणी घालायचं तेव्हा पहिला हात थोरल्याचा, म्हणून या खेपेला त्याने महिनाभर आधी तारीख मागून घेतली होती.

तेवढ्यात फाटकाशी चपला काढल्याचा आवाज झाला. वावोशीचा धाकलू आला होता. साठी उलटलेला शेतकरी, नानांचा जुना विद्यार्थी, कचेरीच्या कामाला कर्जतला आलेला. तो आत न येता पायरीवरच बसला आणि त्याने तोंडाला टॉवेल लावला. सातचं कोडं सुटल्यामुळे नाना मोकळे झाले होते. तेच बाहेर गेले.

"धाकलू? तुला उद्याचं बोलावणं होतं. आजच आलास?"

धाकलूने वर बघितलं. टॉवेल तोंडाशी तसाच राहिला. "सर, तुमी हाय?"

"आहे की. का रे?"

"आमी ऐकलं, तुमी नाय."

"असं कोण म्हणालं?"

"चार फाट्यावर हिरू फूलवाली हाय ना, ती. तुमचा मोठा दादा तिच्याकडं गाडी थांबवून उतरला. डोईवर केस नाय, मिशी नाय. हिरू म्हनली, दुसरं काय आसंल? तिनं त्याला हात जोडले, त्यानं बी जोडले. मंग खात्रीच झाली. तिनं उद्याचे हार बी मोडले, फुलं देवळात दिली सगली."

"हार पुन्हा करायला सांगायला हवेत," नाना म्हणाले. "बस. चहा घे."

दाराआड उभ्या असलेल्या मालतीने हे सगळं ऐकलं. नवरा डोळ्यांसमोर धडधाकट उभा होता, चहाला आलं घालायला सांगत होता, तरी तिचा हात गळ्यातल्या मंगळसूत्राकडे गेला. वडील असताना मुलगा मिशीला वस्तरा लावत नाही, हे तिला कोणी शिकवावं लागलं नव्हतं. ते तिच्या सासरी होतं, माहेरी होतं, अख्ख्या गावात होतं. तिला आधी भीती वाटली आणि मग राग आला, आणि राग धरणं सोपं होतं म्हणून तिने तोच धरला.

यज्ञेश साडेअकराला आला. कानांपर्यंत ओढलेली लोकरी टोपी, हातात पेढ्यांचा पुडा, ओठांवरची जागा मोकळी. चार फाट्यावरून घरी यायला पंधरा मिनिटं लागतात. तो तासभर एका हॉटेलात बसला होता, दोन चहा पीत, घरी हे कसं सांगायचं याची वाक्यं जुळवत. हिरूने हात जोडले ते मालिका बघते म्हणून, असं त्याला वाटलं होतं. उलट बरंच वाटलं होतं.

वाकून नमस्कार करायला गेला तर मालती मागे सरकली. "स्वयंपाकघरात चल," ती म्हणाली. नाना आणि धाकलू ओटीवर बसले होते, म्हणून पुढचं सगळं भांडण दबक्या आवाजात झालं.

"टोपी काढ."

त्याने काढली. केयूरच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला, ईशानीला, हसू आलं आणि आजीच्या नजरेने ते जागीच राहिलं.

"कोण गेलं?" मालतीने विचारलं.

"मालिकेतले अण्णा, माझे तिथले वडील. आई, हे बाहेर बोलायचं नाही. बुधवारी भाग दाखवणार आहेत. तोवर कुठे सांगणार नाही असं मी लिहून दिलंय."

"बाहेर लोक तुझ्या खऱ्या बापाला पोचवून आलेत, आणि मी मालिकेचं गुपित सांभाळू?"

"वरून लावायचं टक्कल मिळतं ना, भाऊजी?" अबोलीने विचारलं. "रबराचं?"

"लावून बघितलं, अबोली. कपाळाशी शिवण दिसते. कॅमेरा इथे होता." त्याने हात नाकापासून वीतभर धरला.

"तारीख तुझ्या डोक्यात नव्हती?" केयूर म्हणाला.

"तारीख होती. सीन मागच्या महिन्यात व्हायचा होता, पुढे गेला. आणि खरं सांगू, मी हो म्हणालो तेव्हा केसांचा आणि घराचा काही संबंध असेल हे मला सुचलंच नाही."

हे खरं होतं. दोन वर्षं तो मालिकेच्या दिवाणखान्यात मागच्या रांगेत उभा होता. 'हो अण्णा', 'बरोबर आहे अण्णा', यापलीकडे त्याला वाक्य नव्हतं. सत्तेचाळीस वर्षांच्या थोरल्या मुलाचं लेखकांना काय करायचं ते कळत नाही. मग दिग्दर्शकाने बोलावून सांगितलं, अण्णांना घालवतोय, पूर्ण भाग तुझा, क्षौर खरं करशील का? यज्ञेश ताबडतोब हो म्हणाला. आता स्वयंपाकघरात उभं राहिल्यावर त्याला त्या ताबडतोबीचं वाईट वाटत होतं.

"उद्या अभिषेकाला तू पुढे येऊ नकोस," केयूर म्हणाला. "गुरुजींना विचारलंय मी."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, घरच्यांनी ठरवा."

"मग?"

"मग मी ठरवलं."

"मलाही तसंच वाटतं," मालती म्हणाली. तिने यज्ञेशकडे न बघता ओट्यावरचं पीठ फडक्याने पुसलं. "टोपी घालून मागे बस. असा डोकं भादरून तू यांच्यावर पाणी घालणार, ते मला बघवायचं नाही."

"आजी, पण हे त्यांचं काम आहे," ईशानी म्हणाली. "आणि लोकांना सांगायचं नाही, तर मी साधा फोटो टाकते ना. नाना, हातात आजचा पेपर."

"ईशानी, कुकर बघ."

ईशानीने कुकर बघितला, मग ओटीवर जाऊन पेपर हातात दिलेल्या नानांचा आणि धाकलूचा फोटो काढला आणि 'नाना उद्या सकाळी सगळ्यांची वाट बघतायत' असं लिहून गावाच्या ग्रुपवर टाकून दिला. चार मिनिटांत सत्तावीस अंगठे आले.

आत केयूरचं संपलं नव्हतं. "त्या आबाजींचा डबा तू बघतोस ना?" अण्णांचं काम करणाऱ्या म्हाताऱ्या नटाचं नाव आबाजी होतं. "मुलाखतीत वाचलं. त्यांना साखर आहे, गोळीची वेळ तू सांभाळतोस. नानांना रात्री कुठली गोळी असते, सांग."

यज्ञेशने आईकडे बघितलं.

"बायपासच्या वेळी दोन दिवस आलास. तेव्हा शूटिंगमधून सुटका नव्हती. खऱ्या बापासाठी तिसरा दिवस मिळाला नाही आणि खोट्या बापासाठी डोकं दिलंस. उद्या नाना खरंच जातील, तेव्हाही तुझं कुठेतरी शूटिंगच असेल, आणि इथे मी एकटा—"

"केयूर, बास," मालती म्हणाली.

"खोटं बोलतोय का मी?"

"खरं असेल. पण त्यांच्या सोहळ्याच्या आदल्या दिवशी माझ्या घरात ते जायच्या गोष्टी कोणी करायच्या नाहीत. बाजार करतोय तेवढ्या पुरेत." तिने यज्ञेशच्या हातातला पेढ्यांचा पुडा इतक्या वेळाने घेतला. "याला जेवायला वाढा आधी. सकाळपासून नुसत्या चहावर असेल."

केयूर बाहेर आला. अबोली त्याच्यामागून आली. जिन्याखाली उद्याचे पाट रचून ठेवले होते, ते तो उगाचच मोजायला लागला.

"तुम्ही केसांवरून चिडलेले नाही आहात," अबोली म्हणाली.

"माहीत आहे मला."

"मग त्यांना का बोलताय? आज मी त्यांच्या बाजूने आहे, सांगून ठेवते."

रसायनीच्या कंपनीत केयूर शिफ्ट इंचार्ज होता. स्फोट होता होता राहिलेला रिअॅक्टर त्याने एकदा एकट्याने बंद केला होता आणि शिफ्ट पूर्ण करूनच तो घरी आला होता. रोज सकाळी नानांच्या दंडाला पट्टा बांधून तो रक्तदाब वहीत लिहायचा. दीडशेच्या वर आकडा गेला की पट्टा सोडून पुन्हा बांधायचा आणि तीन-तीनदा मोजायचा. आणि सकाळी अक्षयने 'नानांचं' म्हटलं तेव्हा, नाना दिसत असूनही, तो नळ सोडून रडला होता. हे कोणाला सांगायचं हे त्याला कळत नव्हतं. दादा तर असं रडायचं काम रोज करायचा.

जेवणं झाली. धाकलू हिरूकडे हारांचं सांगून तसाच पुढे जाणार होता, तो गेला. चारच्या सुमाराला नानांनी मागच्या अंगणातून हाक मारली, "मोठ्याला पाठवा."

अंगणात दोन प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. याच अंगणात पूर्वी शिकवणी चालायची. गणित चुकलेली मुलं नानांसमोर रडकुंडीला यायची, आणि यज्ञेश त्यांच्या मागे बसून प्रत्येकाची हुबेहूब नक्कल करायचा. नानांनी एकदाच बघितलं आणि 'वर्गात नको' एवढंच म्हणाले. यज्ञेशला आधी नानांनीच एका विद्यार्थ्याला सांगून रसायनीत नोकरी मिळवून दिली होती, ती त्याने आठ महिन्यांत न सांगता सोडली, तेव्हाही 'कळवायचं होतंस' याहून जास्त बोलले नाहीत. चोवीस वर्षांत त्याच्या कामाला चांगलं म्हणाले नाहीत, वाईटही म्हणाले नाहीत. त्यांना ते आवडत नाही, असं यज्ञेशने केव्हाच धरून टाकलं होतं.

नानांनी त्याच्या डोक्यावर तळवा ठेवला. "थंडी वाजत असेल."

"वाजते थोडी."

"तुझी मुलाखत वाचली. तुला रडायला ग्लिसरीन लागत नाही म्हणे."

"नाही लागत."

"मग कसा रडतोस?"

"भूमिकेत शिरलं की येतं."

"ते पेपरवाल्यांना सांगितलंस. ते नुसतं उत्तर झालं. मला रीत सांग."

हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. त्याचं लग्न सात वर्षं टिकलं, त्या बायकोलाही नाही. पण नानांनी रीत विचारली की लपवता येत नाही, ही लहानपणापासूनची सवय होती.

"पहिली मालिका," तो म्हणाला. "हॉस्पिटलचा सीन. साठ-सत्तर माणसं खोळंबली होती आणि मला रडू येईना. ग्लिसरीन घालून घालून डोळे सुजले. दिग्दर्शक म्हणाला, उद्यापासून दुसरा मुलगा बघा. मग मी डोळे मिटले आणि तुम्ही गेलात असं समजलो."

"मी."

"तुम्ही. बाहेरच्या खोलीत. कोणीतरी तुमचा चष्मा काढून पेपरावर ठेवलाय. एवढंच बघितलं. आलं रडू. एका टेकमध्ये झालं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग पुढच्या वेळी पुन्हा तेच केलं."

"किती वेळा?"

"मोजलं नाही. चारशे. जास्तच."

"दर वेळी चष्मा?"

"नाही. काही वर्षांनी चष्म्याने येईनासं झालं. मग दारातल्या चपला घेतल्या. मग तुमची हाक." पुढचं जास्त अवघड होतं. "नाना, मला काम मिळत गेलं ते याच्यावरच. आणि म्हणून मी घरी यायचं टाळायला लागलो. तुम्हाला इथे असं बसलेलं बघितलं की पुढे आठ दिवस मला ते जमायचं नाही. बायपासला दोन दिवस आलो ना, तिसरा मिळत होता. तुम्ही शुद्धीवर आलात, माझ्याशी बोललात, आणि मी निघालो. सोमवारी मोठा सीन होता."

बोलून झाल्यावर त्याला मनापासून लाज वाटली. नाना कुंपणाकडे बघत होते.

"आणि डोकं भादरलं तेव्हा?"

"परवा न्हाव्याने वस्तरा लावला, केस मांडीवर पडायला लागले, आणि मला तुम्हाला डोळ्यांसमोर आणायची भीतीच वाटली. वाटलं, हे फार खरं होतंय. रडू आलंच नाही. चोवीस वर्षांत पहिल्यांदा ग्लिसरीन मागितलं."

"म्हणजे एवढा सराव करून ऐन पेपरला कोरा गेलास."

"हो."

नाना हसले. मोठ्याने नाही, पण खांदे हलले. आतून अबोलीचा आणि केयूरचा आवाज येत होता, पाट गच्चीवर न्यायचे की खालीच मांडायचे यावरून.

"मी उद्या मागे बसतो, नाना," यज्ञेश म्हणाला. "आईला ते बघवणार नाही. केयूरचंही चूक नाही."

"मागे बसून तू आणखी लांब जाशील. उद्या तू माझ्या उजव्या हाताला बसायचंस, पहिलं पाणी तू घालायचंस, आणि टोपी घालायची नाही. भादरलेला मुलगा आणि शेजारी जिवंत बाप, लोकांनी एकदा नीट बघावं. तुझ्या आईला मी सांगतो."

"ऐकेल?"

"पंचावन्न वर्षांत दोनदा ऐकलंय. तिसऱ्यांदा ऐकेल." नानांनी खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठायचा प्रयत्न केला. यज्ञेशने हात दिला. तो त्यांनी घेतला आणि उभं राहिल्यावरही सोडला नाही. "यापुढे ग्लिसरीनच घालत जा. आणि घरी येत जा."

"येतो."

"आणखी एक. खरंच होईल तेव्हा तुला रडू येईल, न येईल. नाही आलं तर मनाला लावून घेऊ नकोस. माझ्या वाट्याचं तू रडून झालायस." त्यांनी आवाज खाली आणला, कारण केयूर पाट घेऊन मागच्या दारात आला होता. "त्या दिवशी याच्याजवळ थांब. त्याला सराव नाही."